मातींतील माउली

झाडाविषयीं लिहिणाऱ्यांची दृष्टि आजवर बहुधा वरच लागलेली असे. पालवी, फूल, फळ, छाया, फांदीवरचा पक्षी, एवढ्यांत कवीचें झाड संपे. मूळ त्याला लागलेंच तर स्थैर्याच्या उपमेपुरतें लागे. आमच्या वाङ्मयांतील सर्वांत विख्यात वृक्ष म्हणजे गीतेच्या पंधराव्या अध्यायांतला अश्वत्थ. त्याचें मूळ वर आणि शाखा खालीं! ज्ञानेश्वरांनीं त्या रूपकाचा केवढा विस्तार केला आहे हें वाचकांस सांगावयास नको. पण तो वृक्षही मातींत उभा नाहीं. अलीकडच्या दहा-बारा वर्षांत मात्र पाश्चात्य लेखकांचें लक्ष एकाएकीं जमिनीखालीं वळलें आहे. पेटर वोलेबेन या जर्मन वनपालाचें झाडांच्या गुप्त जीवनावरचें पुस्तक २०१५ सालीं निघालें; रिचर्ड पॉवर्स यांची 'दि ओव्हरस्टोरी' ही कादंबरी २०१८ सालीं आली व पुढल्याच वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें; मर्लिन शेल्ड्रेक यांचें 'एन्टँगल्ड लाइफ' २०२० मध्यें आणि सुझॅन सिमार्ड या कॅनेडियन वनशास्त्रज्ञ बाईंचें 'फाइंडिंग द मदर ट्री' २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. मुळें, बुरशी, जंतु आणि माती यांचा परस्परसंबंध या सर्वांत कमीअधिक प्रमाणांत आला आहे.

हे बहुतेक ग्रंथ शास्त्राचे. तेथें साहित्याच्या टीकाकाराचें काय काम, अशी शंका कोणी घेतील. आमचें उत्तर असें कीं, प्रयोगांचीं कोष्टकें वाचून कोणाचें मन जिंकलें गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. या ग्रंथांनीं वाचकवर्ग मिळविला तो रूपकांच्या बळावर. आणि एखादें रूपक वस्तूला शोभतें कीं वस्तूला झांकून टाकतें, हें पाहणें टीकाकाराकडेच येतें.

वस्तु काय आहे तें प्रथम थोडक्यांत सांगतों. १८८५ सालीं आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें, ट्रफल नांवाच्या भूमिगत अळंब्यांची लागवड प्रशियांत करतां येईल काय याचा शोध घेत असतां, असें पाहिलें कीं वनवृक्षांच्या बारीक मुळांवर बुरशीचें वेष्टण असतें आणि तरीही झाड निरोगी असतें. या जोडीस त्यानें 'मायकोऱ्हायझा', म्हणजे बुरशी-मूळ, असें नांव दिलें. वनस्पतींच्या बहुसंख्य जाती या ना त्या बुरशीशीं अशी सांगड घालून असतात, हें आतां निश्चित झालें आहे. बुरशीचा तंतु मुळावरच्या केसांहूनही बारीक. मुळाला जेथें शिरकाव नाहीं अशा मातीच्या फटींतून तो स्फुरद आणतो, आणि झाड हवेंतून मिळविलेल्या कर्बाची साखर व स्निग्ध द्रव्यें त्याला देतें. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून हवेंतला नत्र पिकाला मिळतो, हें हेलरीगेल या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ मध्यें दाखवून दिलें. शिवाय प्रत्येक मूळ नाना प्रकारचीं द्रव्यें सतत मातींत सोडीत असतें. त्यांच्या लोभानें मुळाभोंवतीं जंतूंची जी दाटी होते तशी ती थोडें दूर गेल्यावर आढळत नाहीं. मातीमुळें झाड वाढतें हें कोणीही सांगेल. झाडामुळें ती माती बदलते, आणि बदललेली माती पुन्हां झाडावर परिणाम करते, हा या विषयांतला खरा गाभा आहे.

आतां सिमार्डबाईंचा ग्रंथ घेऊं. त्याचा पूर्वार्ध आम्हीं अत्यंत आनंदानें वाचला. ब्रिटिश कोलंबियांतील लाकूडतोड्यांच्या घराण्यांत त्या जन्मल्या. शौचकूपांत पडलेल्या कुत्र्याला वर काढण्यासाठीं घरची मंडळी खणूं लागली, तेव्हां मातीचे थर आणि मुळांचें जाळें या मुलीनें प्रथम पाहिलें; हा प्रसंग त्यांनीं मोठ्या निर्मळपणें सांगितला आहे. पुढें वनखात्याच्या कामावर असतां, डग्लस फरच्या लागवडींतून बर्चचीं झाडें तण म्हणून मारून टाकावयाच्या धोरणाविषयीं त्यांना संशय आला, आणि त्या संशयांतून १९९७ सालीं 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध झालेला प्रयोग निघाला. बर्च व फर यांचीं रोपें शेजारींशेजारीं लावून, त्यांवर पिशव्या बांधून, एकाला कर्बाचें एक समस्थानिक व दुसऱ्याला दुसरें अशा रीतीनें खुणेचा वायु पाजला, आणि कांहीं दिवसांनीं कोणाचा कर्ब कोणाकडे गेला तें मोजलें. बर्चकडून फरकडे गेलेला कर्ब उलट दिशेनें आलेल्या कर्बापेक्षां अधिक भरला. फरवर सावली दाट असली म्हणजे तो आणखी वाढे. पिशव्या, नळ्या, रानांतल्या अस्वलांचें भय, यांनीं भरलेलीं हीं प्रकरणें अनुभवाच्या लेखणीनें लिहिलेलीं आहेत.

याच प्रयोगांत आणखी एक रोप होतें, आणि आमच्या मतें साऱ्या ग्रंथाचा कस तेथें लागतो. तें सीडरचें. सीडरची सांगड निराळ्या प्रकारच्या बुरशीशीं असल्यामुळें बर्च-फरच्या जाळ्याशीं त्याचा संबंध येण्याचें कारण नव्हतें. तरीही खुणेच्या कर्बाचा कांहीं अंश सीडरच्या अंगींही सांपडला. म्हणजे तंतूंचा पूल नसतांना नुसत्या मातीवाटेंही कर्ब जातो. सीडरला मिळालेला वांटा थोडा होता, म्हणून फरला मिळालेला अधिक वांटा तंतूंवाटें गेला असावा, असें अनुमान निघतें. अनुमान वाजवी आहे. पण तें अनुमान आहे.

मग माता कोठून आली? ग्रंथ इंग्रजींतला असला तरी तो मनांत मराठींत मांडून पाहिला कीं गोष्ट क्रियापदांवरून उघड होते. कर्ब 'गेला' हें एक वाक्य. झाडानें तो 'दिला' हें दुसरें. आईनें तो लेंकरासाठीं 'पाठविला' हें तिसरें. पहिलें मोजलेलें, दुसरें मानलेलें, तिसरें कल्पिलेलें. उत्तरार्धांत आपण पहिल्या वाक्यावरून तिसऱ्यावर केव्हां येऊन पोहोंचलों हें वाचकाला कळतही नाहीं, इतकी ती उतरण गुळगुळीत आहे. या उतरणीचें कारण शोधावयाचें तर तें लेखिकेच्या चरित्रांत शोधावें लागतें. त्यांना कर्करोग झाला. दोन मुलींची आई असतां मरण समोर दिसलें. आणि त्याच काळांत जुनें झाड आपल्या वंशाच्या रोपांना ओळखतें काय, मरतांना त्यांना कांहीं देऊन जातें काय, हे प्रश्न त्यांच्या प्रयोगशाळेंत हाताळले जात होते. आजारी आईनें मरणाऱ्या झाडाकडे असें पाहावें हें हृदयंगम आहे, आणि आत्मचरित्र म्हणून तीं पानें कोणालाही हलवून सोडतील. परंतु आत्मचरित्रांतला सत्याचा निकष अरण्याला लावतां येत नाहीं.

हें आम्हीच म्हणतों असें नाहीं. जस्टीन कार्स्ट, मेलनी जोन्स व जेसन होक्सेमा या तिघां शास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं या विषयावरचें उपलब्ध संशोधन तपासून काढलें. अरण्यांत अशीं जाळीं सर्वत्र पसरलेलीं आहेत, त्यांवाटें जाणाऱ्या द्रव्यांनीं रोपांचें भलें होतें, या दोन विधानांस पुरेसा आधार नाहीं. आणि मोठीं झाडें आपल्याच संततीला निवडून पोसतात या तिसऱ्या विधानास, प्रत्यक्ष अरण्यांतल्या प्रयोगाचा असा, प्रसिद्ध झालेला आधार मुळींच नाहीं, असा त्यांचा निर्णय पडला. यांतील जोन्सबाई १९९७ च्या त्या मूळ निबंधाच्या सहलेखिका होत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या निर्णयाचें वजन कळतें. सिमार्डबाईंना तो मान्य नाहीं, आणि वाद मिटलेला नाहीं. वोलेबेन यांच्याविषयीं अधिक लिहिण्याची आवश्यकता वाटत नाहीं. त्यांच्या पुस्तकांत झाडें बोलतात, दुखण्यानें विव्हळतात, पोरांना शिस्त लावतात. त्यांचें अरण्य म्हणजे एक सुखवस्तु, सुशिक्षित जर्मन कुटुंब आहे.

मातृत्वाच्या या चित्रांत जें बसत नाहीं तें सांगितलें म्हणजे आमचा आक्षेप स्पष्ट होईल. अमेरिकेंत काळी चेरी नांवाचा एक रानवृक्ष आहे. त्याच्या खालीं हजारों बिया रुजतात आणि बहुतेक सर्व रोपें लौकरच मरतात. दूर पडलेल्या बियांचीं रोपें त्यामानानें जगतात. अलिसा पॅकर व कीथ क्ले या दोघांनीं इंडियाना प्रांतांत याचा छडा लावला व तो २०००सालीं 'नेचर' मध्येंच प्रसिद्ध केला. झाडाखालची माती निर्जंतुक करून तींत रोपें लाविलीं, तर तीं जगलीं; तशीच ठेवलेल्या मातींत मेलीं. पंचवीस-तीस मीटर अंतरावरची माती निर्जंतुक केली न केली, सारखेंच. पिथियम नांवाचा रोगकारक जीव आईच्या मुळांपाशीं वर्षानुवर्षें पोसला जातो आणि तो तिच्याच पोरांना मारतो. यांत त्या झाडाचा दोष कांहींच नाहीं. पण आईच्या पदराखालची जागा हीच सर्वांत घातक ठरावी, ही गोष्ट 'मदर ट्री' या दोन शब्दांत मावणारी नाहीं. शिवाय, आपल्या जातीचीं पोरें पायाशीं मरतात म्हणूनच तेथें दुसऱ्या जातींना वाव मिळतो आणि अरण्य नानाविध राहतें, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे अरण्याच्या वैभवाचा एक भाग या मरणांतून आलेला आहे.

या ठिकाणीं आमच्या शेतकऱ्याच्या तोंडचा एक शब्द आठवल्यावांचून राहत नाहीं. तो शब्द 'बेवड'. आधींच्या पिकानें जमिनीला जें कांहीं करून ठेवलें असेल, बरें किंवा वाईट, त्याला तो बेवड म्हणतो. हरभऱ्याचा किंवा मुगाचा बेवड पुढच्या पिकाला चांगला, अमक्याचा वाईट, अशी त्याची बोलण्याची रीत. त्याच रानांत सालोसाल तूर घेतली तर मर लागते, हेंही त्याला ठाऊक असतें. मर रोगाची बुरशी मातींत दबा धरून बसते व तूर नसतांनाही वर्षें काढते, हें कारण शास्त्रानें मागाहून सांगितलें. तुरीशेजारीं ज्वारीच्या ओळी असल्या कीं मर कमी होते, असेंही प्रयोगांत दिसून आलें आहे. इंग्रजी शास्त्रीय लेखांत या साऱ्या प्रकाराला लांबलचक जोडशब्द वापरावा लागतो. आमच्याकडे तीन अक्षरांत काम होतें. या शब्दाची खुबी अशी कीं तो प्रेमही सांगत नाहीं आणि वैरही सांगत नाहीं. पीक गेलें, बेवड राहिला. आतां येणाऱ्यानें त्यांत काय तें निभावून न्यावें.

मातेला कंटाळलेल्यांनीं दुसरें एक रूपक पुढें केलें आहे, तें बाजाराचें. याला आधार बरा आहे. टोबी कीयर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं सोयाबीनच्या गाठींभोंवतालच्या हवेंतला नत्र काढून त्या जागीं आर्गन वायु भरला. गाठींतले जंतु नत्र देईनासे झाले, तेव्हां रोपानें त्या गाठींचा प्राणवायूचा पुरवठा आंखडला व जंतूंची वाढ खुंटली. २०११ मध्यें याच बाईंच्या मंडळींनीं दाखविलें कीं अधिक स्फुरद देणाऱ्या बुरशीला मूळ अधिक साखर देतें, आणि अधिक साखर देणाऱ्या मुळाला बुरशी अधिक स्फुरद देते. या प्रयोगांचें कौशल्य निर्विवाद आहे. तथापि त्यांच्यावरून लिहिणारे लेखक जेव्हां दर, सौदा, गुंतवणूक, दलाल असे शब्द सर्रास वापरूं लागतात, तेव्हां आईच्या जागीं वाणी आणून बसविला एवढाच फरक होतो. शेल्ड्रेक यांनीं हा धोका ओळखला आहे. पनामाच्या अरण्यांत त्यांनीं ज्या व्होयरिया या निळ्या फुलाच्या वनस्पतीचा अभ्यास केला तिला हिरवें पानच नाहीं. ती बुरशीकडून सर्व कांहीं घेते, आणि बदल्यांत काय देते तें दिसत नाहीं. असें गिऱ्हाईक कोणत्या बाजारांत चालतें? शेल्ड्रेक यांची शैली मधूनमधून फार नखरेल होते, परंतु आपण कोणतें रूपक वापरीत आहों याची जाणीव ठेवणारा या मंडळींतला तोच एक लेखक आहे. जंगलाला संगणकांच्या जाळ्याची उपमा दिली कीं झाडें मालक ठरतात व बुरशी नुसती तार ठरते, हा त्यांचा आक्षेप मार्मिक आहे. बुरशीलाही स्वतःचें पोट आहे.

बाजार आणि माता दोन्ही रूपकें जेथें लुळीं पडतात असें एक उदाहरण आमच्याच रानांत आहे. ज्वारीच्या मुळांतून स्ट्रिगोलॅक्टोन नांवाचीं द्रव्यें अत्यंत सूक्ष्म प्रमाणांत मातींत झिरपतात. मातींत स्फुरद कमी पडला कीं तीं अधिक सुटतात. त्यांच्या स्पर्शानें बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात व त्या मुळाकडे येतात, हें २००५ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें. परंतु या द्रव्याचा शोध त्याच्या चाळीस वर्षें आधीं भलत्याच कारणानें लागला होता. टारफुल्याचें बीं वर्षानुवर्षें मातींत निपचित पडून असतें आणि योग्य मूळ जवळ आल्यावांचून रुजत नाहीं. त्याला जागें करणारें द्रव्य कोणतें हें शोधीत असतां १९६६ मध्यें तें प्रथम हातीं आलें, आणि तेंही कापसाच्या मुळांच्या स्रावांतून! कापसावर टारफुला जगूं शकत नाहीं. तेथें रुजलेलें बीं फुकट मरतें. ज्वारीवर मात्र तो मुळाला चिकटतो आणि जमिनीवर दिसण्यापूर्वींच पीक पिवळें पाडतो. भुकेल्या मुळानें मारलेल्या एकाच हांकेला मित्रही येतो आणि चोरही येतो. आणि जमीन जितकी हलकी तितकी ती हांक मोठी. ही गोष्ट कोणत्याही कादंबरीकाराला पुरून उरेल अशी आहे, पण ती या लोकप्रिय ग्रंथांत क्वचितच भेटते. कारण तींत कोणाचें मन कोमल होत नाहीं.

सुंदर शब्दानें शास्त्रज्ञालाच भुलविल्याचें जुनें उदाहरण आमच्या ओळखीचें आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या वनस्पति-उद्योग संस्थेचे संचालक होते. होळकरांच्या या शहराचें नांव त्यांच्या कंपोस्टच्या पद्धतीमुळें जगभर गेलें. त्या पद्धतीचा मूळ ग्रंथ १९३१ सालीं निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचें नांव सहलेखक म्हणून आहे. परदेशांत हॉवर्डांचा गौरव करणारे वाडांचें नांव बहुधा गाळतात, म्हणून मुद्दाम सांगितलें. तो ग्रंथ कोरडा, कामाचा आणि उत्कृष्ट आहे. शेण, मुताची माती, पिकाचा कचरा, राख यांचे थर कसे रचावे, केव्हां उलथावे, तीन महिन्यांत खत कसें तयार होतें, एवढेंच तो सांगतो. पुढें १९४० च्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' मध्यें मात्र हॉवर्डांना बुरशी-मुळांत एक जिवंत पूल दिसूं लागला: कुजलेल्या मातींतलें सत्त्व याच पुलावरून थेट पिकाच्या रसांत उतरतें आणि पिकाचें, जनावराचें, माणसाचें आरोग्य त्यावर अवलंबून असतें, असें त्यांनीं मांडलें. पूल आहे हें खरें. पण त्यावरून मुख्यतः येतो तो स्फुरद. आणि मोहरी, कोबी, मुळा यांच्या कुळाला हा पूल जवळजवळ नसतोच, तरीही तीं पिकें उत्तम पोसतात. हॉवर्डांची तळमळ खरी होती, कंपोस्टविषयींचें त्यांचें म्हणणेंही बहुतांशीं टिकलें. तें सिद्ध करण्यासाठीं त्यांनीं पुलावर जो भार घातला तो मात्र पुलाला पेलणारा नव्हता.

या सर्वांनंतर डार्विनचें गांडुळांवरचें पुस्तक वाचावें. तें ऑक्टोबर १८८१ मध्यें, त्याच्या मृत्यूपूर्वीं सहा महिने, प्रसिद्ध झालें. विषयाचा आरंभ मात्र १८३७ सालींच झाला होता, कारण त्या वर्षीं त्यानें यावर पहिला निबंध वाचला होता. चव्वेचाळीस वर्षें एका गांडुळाचा पिच्छा! १८४२ मध्यें त्यानें आपल्या घराशेजारच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरले आणि एकोणतीस वर्षांनीं, १८७१ मध्यें, तेथें चर खणून पाहिला; खडूची रेघ सात इंच खालीं गेलेली होती. गांडुळांना ऐकूं येतें काय हें पाहण्यासाठीं त्यांच्यापुढें बसून वाजविला, शिट्टी फुंकली, तीं ढिम्म. तींच गांडुळें कुंडीसकट पियानोवर ठेवून सूर वाजवितांच तीं बिळांत पळालीं, कारण त्यांना कंप कळतो. पानें बिळांत ओढतांना तीं पानाचें कोणतें टोक धरतात हें पाहण्यासाठीं त्यानें कागदाचे त्रिकोण कापून दिले व त्यांपैकीं शेंकडा ६२ निमुळत्या टोकाकडून ओढले गेल्याचें नोंदलें. एवढ्यावर त्यानें गांडुळाला थोडी बुद्धि असल्याचें मान्य केलें. थोडीच, आणि त्रिकोण मोजून झाल्यावर. एका एकरांतील दहा टनांहून अधिक माती दरवर्षीं त्यांच्या पोटांतून जाते, असा त्याचा हिशेब.

डार्विनचेंही रूपक आहे. तें नांगराचें: माणसानें नांगर शोधण्याच्या कितीतरी आधींपासून जमीन नांगरली जात होती. हें रूपक आम्हांस अधिक आवडतें, कारण नांगराला हेतु नसतो. तो बीजाला अनुकूल चालतो, पण बीजासाठीं चालत नाहीं. याची सत्यता डार्विनला न दिसलेल्या एका प्रदेशांत पुढें प्रत्ययास आली. उत्तर अमेरिकेचा जो भाग हिमयुगांत बर्फाखालीं होता तेथें देशी गांडुळें उरलीं नव्हतीं; युरोपांतून वसाहतवाल्यांबरोबर आलेल्या गांडुळांनीं तेथील अरण्यांतला पालापाचोळ्याचा जाड थर खाऊन टाकला, आणि त्या थरांत रुजणारीं रानफुलें व मेपलचीं कोंवळीं रोपें विरळ झालीं. कुरणाला वर ठरलेला प्राणी अरण्याला शाप ठरला. 'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र' असें शाळेंत पाठ केलेल्यांना ही हकीगत विचित्र वाटते. नांगराचें रूपक ध्यानांत असलेल्याला वाटत नाहीं. नांगर रानांत नेला तर काय होईल हें तो जाणतोच.

डार्विनच्या पुस्तकांत वैगुण्यें नाहींत असें नव्हे. मुळांविषयीं त्यांत फार थोडें आहे, बुरशीविषयीं जवळजवळ कांहींच नाहीं, आणि रोमन अवशेष जमिनींत किती खचले याचीं लांबच लांब मापें सामान्य वाचकाला कंटाळा आणतील. सिमार्डबाईंचें पुस्तक त्याच्याहून कितीतरी अधिक मनोवेधक आहे, आणि बर्चवर विष मारण्याविरुद्ध त्यांनीं ज्या धैर्यानें आयुष्यभर झुंज दिली तिचें श्रेय त्यांना मिळालेंच पाहिजे. तो मुद्दा सिद्ध करण्यास मातेची आवश्यकताही नव्हती. तें पुस्तक आम्ही मित्रांना आवर्जून वाचावयास देतों. फक्त देतांना सीडरच्या रोपाची हकीगत जेथें आली आहे तेथें एक खूण घालून ठेवतों.